मास्तरांची ट्रायल

लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचायच्या आत तिच्या हातून ते होऊन गेलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या, जन्मात कधी न पाहिलेल्या गृहस्थाच्या ओठाच्या कडेला बिस्किटाचा चुरा चिकटलेला होता. तिनं पर्समधून रुमाल काढला, डाव्या हातानं त्याची हनुवटी किंचित वर धरली आणि उजव्या हातानं चुरा टिपून घेतला. वर "हं, झालं," असंही म्हणाली. लिफ्टमध्ये आणखी दोघं होते, ते एकदम मजल्यांचे आकडे वाचायला लागले. तिच्या उजव्या खांद्यातून एक कळ थेट कोपरापर्यंत गेली आणि त्या कळीबरोबर तिला कळलं की आपण काय केलं. पन्नाशी ओलांडलेली, सरकारी खात्यात सव्वीस वर्षं काढलेली बाई परक्या पुरुषाचं तोंड पुसते म्हणजे काय? कुठं तोंड लपवावं असं तिला झालं. पण त्या गृहस्थाचं वागणं त्याहून विचित्र होतं. तो मागं सरला नव्हता, उलट तिचा हात आल्याबरोबर त्यानं हनुवटी आपणहून थोडी उचलली होती. दार उघडलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "आई की वडील?" ती म्हणाली, "वडील." तो म्हणाला, "माझी आई." आणि दोघंही एकाच मजल्यावर उतरली.

तो पाइपांची कामं घेणारा ठेकेदार निघाला आणि तिच्याच टेबलाशी आला. तिचं टेबल म्हणजे शहराच्या पाण्याचं टेबल. कुठली वाहिनी कुठून जाते, कुठल्या गल्लीत कितव्या फुटावर व्हॉल्व्ह पुरलेला आहे, हे आता कॉम्प्युटरवर चढवलंय खरं, पण कॉम्प्युटरचा आणि जमिनीचा मेळ बसेना की सगळे तिलाच फोन लावतात. "मॅडम, इथं खणलं तर काहीच नाही." ती डोळे मिटते आणि सांगते, दोन हात डावीकडे, झाडाच्या बुंध्याशी. आणि असतो तिथं. या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि तो तिनं कधी लपवला नव्हता. ठेकेदाराला तिनं त्याचा नकाशा दिला, जुना सांधा पेन्सिलीनं दाखवला. तो नकाशा गुंडाळत म्हणाला, "मी मंगळवारी आणि शुक्रवारी आईला डे-केअरमध्ये सोडतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. गेल्या मंगळवारी मी आरशासमोर उभं राहून शांतपणे दाढी केली, मॅडम. किती वर्षांनी, विचारू नका." पत्ता त्यानं नकाशाच्याच फाटक्या कडेवर लिहिला आणि ती कड फाडून टेबलावर ठेवली. "आमच्याकडे तशी गरज नाही," ती म्हणाली. दारावर आलेल्या विक्रेत्याला म्हणावं तशी म्हणाली.

गरज नाहीच मुळी. ऑफिसपासून घर दहा मिनिटांवर. सकाळी नऊला खालच्या मजल्यावरच्या काकू विणकाम घेऊन येऊन बसत, पण त्या नुसत्या राखणीला. हात लावायचा तो हिनंच, म्हणून ती अकरा वाजता एकदा आणि दीड वाजता एकदा धावत घरी जाऊन येई. आठ वर्षं. आठ वर्षांत वडिलांच्या पाठीवर एक फोड नाही की टाचेला लाली नाही. तपासायला येणारी डॉक्टरीण एकदा म्हणाली होती, "अशी पाठ मी दवाखान्यातसुद्धा पाहिली नाही," ते वाक्य तिनं एखाद्या बक्षिसासारखं जपून ठेवलं होतं. रोज दाढी, रविवारी नखं, गोळी केळ्याच्या कापात लपवून. लांब राहणारा भाऊ फोनवर म्हणे, "तू आहेस म्हणून गं." त्या चार शब्दांवर तिचे पुढचे चार महिने निघत. कुणी म्हणेल गर्व आहे बाईला. असू दे की. माणसाला कशाचा तरी असावा, आणि हिचा निदान घामाचा होता.

वडील कटिंग मास्तर होते. कोपऱ्यावरच्या दुकानात चाळीस वर्षं उभं राहून त्यांनी कापड कापलं, आणि उभं राहून कापायचं म्हणून त्यांचा डावा पाय किंचित वाकडा झाला तो कायमचा. शाळा सुटल्यावर ती त्यांच्या टेबलाखाली बसे. वर कात्री चाले, कच कच कच, मध्येच थांबे, म्हणजे मास्तर विचार करताहेत. खाली कापडाच्या पट्ट्या पडत, त्या ती रंगांप्रमाणे लावी. पुढं ती काज करायला शिकली, मग बटणं, मग कॉलर. कॉलर दोनदा उसवायला लावली होती त्यांनी, काही न बोलता, नुसती तिच्या पुढ्यात ठेवून. तेव्हा ती त्यांना बाबा म्हणे. तीन वर्षांपूर्वी 'बाबा' या हाकेला ओ देणं बंद झालं. ती समोर उभी राहून हाक मारी आणि ते तिच्या पलीकडे बघत, जणू मागं कुणाचे तरी बाबा उभे आहेत. एकदा सहज तोंडून 'मास्तर' निघालं आणि त्यांनी मान वळवली. "बोला," म्हणाले. तेव्हापासून ती मास्तरच म्हणते. वाईट वाटलं का? वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण हाकेला ओ मिळाली पाहिजे, ती कुठल्या नावाला मिळते यावर रुसून कसं चालेल, असं तिनं स्वतःला बजावलं आणि कामाला लागली.

आणि कपडे. कपडे घालणं ही खरी लढाई. अंगात शर्ट घालायला गेलं की मास्तर दोन्ही हात छातीशी घट्ट मिटून घेत, नखं लावत, दोनदा चावले होते. महिनाभर तिनं हाल काढले. मग एका सकाळी दमून तिनं शर्ट त्यांच्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "मास्तर, तुम्हीच बघा जरा हा, नीट झालाय का." मास्तरांनी शर्ट उचलला. शिवण न् शिवण बोटांखालून नेली, काजं मोजली, खांदा ताणून बघितला, बाहीत हात घालून कड चाचपली. हात आत गेलेलाच होता. तिनं मागून दुसरी बाही धरली. चाचपता चाचपता दुसराही गेला. बटणं त्यांची त्यांनी लावली. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकली आणि एकटीच हसली. ही युक्ती जगात कुणालाही ठाऊक नव्हती. काकूंना नाही, भावाला नाही, डॉक्टरणीला नाही. सगळं इतरांना सांगावं, पण एखादी गोष्ट आपली असावी.

खांद्यानं मात्र सगळं बिघडवलं. लिफ्टमधल्या प्रकारानंतर आठवड्याभरात उजवा हात वर जाईना. केस विंचरायला डोकं हाताकडे न्यावं लागे. मास्तरांना पलंगावरून उठवताना एकदा हातातलं सगळं बळ एकाएकी गेलं आणि दोघंही पलंगावर बसली, ती खाली आणि मास्तर तिच्या मांडीवर, आणि मास्तर म्हणाले, "गर्दी फार आहे." डॉक्टरणीनं खांदा फिरवून बघितला, फोटो काढवला, आणि म्हणाली, सहा आठवडे उचलणं बंद. "मग त्यांना कोण उचलणार?" ती म्हणाली. डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. "हा हात कायमचा गेला तर त्यांना कायमचं कुठंतरी ठेवायची पाळी येईल. तिथं कोण उचलतं ते तुम्हाला बघायलाही मिळणार नाही. आठवड्याचे दोन दिवस द्या कुणाला तरी. आठही वर्षं गमावण्यापेक्षा दोन दिवस द्या." ती बाहेर आली आणि बसथांब्यावर उभी राहिली. तीन बसेस गेल्या. तिला खांद्याचं दुखणं कळत होतं, पण त्याहून वेगळंच काहीतरी डाचत होतं, आणि ते काय हे ती तोंडावर आणायला तयार नव्हती. दुसऱ्यांच्या हातीही मास्तर नीट राहिले तर? मग आठ वर्षं ती नेमकी काय करत होती?

नकाशाची ती फाटकी कड तिनं टाकलेली नव्हती. मंगळवारी सकाळी टॅक्सी करून ती मास्तरांना घेऊन गेली. डे-केअर म्हणजे एका जुन्या शाळेचा तळमजला, फरशी स्वच्छ, खिडक्या मोठ्या, खुर्च्या हातांच्या. तिथल्या मुख्य सिस्टर गोऱ्या, जाड चष्म्याच्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. "आज फक्त ट्रायल," त्या म्हणाल्या. ट्रायल हा शब्द ऐकल्याबरोबर मास्तर ताठ झाले. "कुणाची?" त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "तुमचीच, आजोबा." मास्तर नाराजीनं म्हणाले, "गिऱ्हाइकाची असते." आणि ते तरातरा, त्या वाकड्या पायानं, आत गेले आणि खुर्चीत बसलेल्या पहिल्याच म्हाताऱ्याचा खांदा चिमटीत धरून बघू लागले. तो म्हातारा हललाही नाही. चांगल्या शिंप्यापुढं उभं राहायची सवय असलेला माणूस असावा.

सिस्टरांनी तिला फॉर्म दिला. तो तिनं असा भरला की सिस्टर बघत राहिल्या. गोळ्यांच्या वेळा, पाण्याचे घोट, लघवीच्या आधी ते डावा गुडघा हलवतात, दुपारी उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली तर चिडतात, चहा कपात नको, पेल्यात. पान संपलं तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं. 'कपडे घालताना' या ओळीपुढं तिचं पेन थांबलं. मग तिनं लिहिलं, 'सहकार्य करत नाहीत.' एवढंच. हातचं राखून ठेवलं. का ठेवलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. या लोकांना एकदा कळू दे. दमू दे, घामाघूम होऊ दे, आणि मग येऊन म्हणू दे की ताई, हे काम तुम्हीच करू जाणता. फॉर्म देऊन ती बाहेरच्या बाकावर बसली. सिस्टर म्हणाल्या, घरी जा, झोपा. ती म्हणाली, बघते. आणि गेली नाही. वासराच्या दाव्याशी गाय बसावी तशी बसली.

बारा वाजले, एक वाजला. आतून बोलण्याचा आवाज येई, मध्येच कुणी पत्ते पिसे. तिला झोप येत होती आणि झोपेचाही राग येत होता. सव्वा वाजता आत कुणीतरी ओरडलं. तो मास्तरांचा आवाज होता. ती उठली आणि, हे कुणाला सांगायचं नाही, तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते समाधान होतं. मग लगेच ती दाराकडे धावली. दार उघडून सिस्टर आल्या, दार लावून घेतलं आणि तिला कोपऱ्यात घेऊन गेल्या. चष्मा काढला, पुसला, घातला. "ताई, एक विचारते, राग मानू नका. आजोबांच्या अंगावर चहा सांडला, म्हणून तुम्ही दिलेला दुसरा शर्ट घालत होतो. तर ते फार अस्वस्थ झालेत." त्यांनी आवाज आणखी उतरवला. "माया कोण?"

"माया?" ती म्हणाली.

"एकसारखे म्हणताहेत, माया कुठाय, माया कापली, सगळी माया कापून टाकली. मी विचारलं, कुणी कापली, तर म्हणाले, घरातच कापली." सिस्टरांनी तिच्या दंडावर हात ठेवला. "घरात पूर्वी काही घडलंय का, ताई? आम्ही कुणाला सांगत नाही. पण आम्हाला ठाऊक हवं." त्यांच्या हातातल्या वहीत तारीख घालून लिहिलेलं तिला उलटं दिसलं: माया नावाच्या व्यक्तीच्या आठवणीने व्याकूळ, घातपाताची शक्यता, घरच्यांशी बोलणे.

ती हसली. आधी नाकातून, मग तोंडातून, मग भिंतीला धरून. किती वर्षांचं हसू होतं कोण जाणे, थांबेचना. सिस्टर गोंधळून तिच्यासाठी पाणी आणायला वळल्या तेव्हा तिनं त्यांचा हात धरून ठेवला. "सिस्टर, माया म्हणजे कापड. शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड. शिंपी कपडा बेतताना शिवणीबाहेर इंचभर सोडतो, त्याला माया म्हणतात. पुढं अंग भरलं, कपडा घट्ट झाला, तर शिवण उसवायची आणि ती माया सोडायची. माया ठेवली की कपडा पुष्कळ वर्षं जातो." सिस्टर म्हणाल्या, "अगं बाई," आणि वहीतल्या ओळीवर त्यांनी दोन रेघा मारल्या. त्याही हसायला लागल्या. पण हिचं हसू तोपर्यंत ओसरलं होतं.

कारण माया तिनंच कापली होती. मास्तर वाळत चालले, तसे त्यांचे शर्ट ती दर सहा महिन्यांनी आत घेई. आत घेतलं की शिवणीत कापड साचतं, त्याची जाड कड होते आणि निजलेल्या माणसाच्या पातळ कातडीला ती कड रात्रंदिवस घासते. म्हणून ती माया कापून टाके, अगदी टाक्यापर्यंत, आणि वरून बारीक दुमडून घेई. पाठीवर एक फोड नाही, तो यामुळंच. हे तिचं कारण होतं आणि ते खरंही होतं. पण कात्री चालवताना आणखी एक गोष्ट तिला ठाऊक असे, ती तिनं स्वतःला कधी ऐकू दिली नव्हती. हे अंग आता भरायचं नाही. माया सोडायची वेळ पुन्हा यायची नाही. मग ठेवायची कुणासाठी? शर्टाचं सोडा, तिनं दिवसही तसेच बेतले होते. नऊ, अकरा, दीड. टाक्याला लागून टाका. मैत्रीण आली तर दारातच बोलायचं, ताप आला तर उभ्यानं काढायचा, रडायचं तर ते न्हाणीघरात नळ सोडून तीन मिनिटांत. कुठंही इंचभर जास्तीचं नाही, आणि त्या नेटकेपणाचाच तिला अभिमान. आता खांद्याशी फाटलं तर सोडायला आत काही शिल्लकच नव्हतं. आणि हे सगळ्या जगात कुणाच्या ध्यानात आलं? ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही त्या माणसाच्या बोटांच्या. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी, काय सांगावं, मास्तरांचा केवढा तरी अभिमान वाटला. सगळं गेलं तरी हात गेलेला नाही मास्तरांचा. चूक ती चूक, मग ती पोटच्या पोरीनं केलेली का असेना.

"सिस्टर," ती म्हणाली, "फॉर्ममध्ये एक गोष्ट मी लिहिली नाही. मुद्दाम." आणि तिनं सांगितलं. सिस्टर रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "पुष्कळ जणी ठेवतात एखादी." आतल्या मदतनिसाला बोलावलं. पन्नाशीचा, जाडसर, मनगटावर मास्तरांच्या नखांचे ताजे ओरखडे. ते बघून तिला मान वर करवेना. "शर्ट घालू नका," ती त्याला म्हणाली. "तपासायला द्या. आणि मास्तर म्हणा, आजोबा नको." दाराच्या काचेतून ती बघत राहिली. मदतनिसानं कोरडा शर्ट दोन्ही हातांवर ठेवून पुढं केला. "मास्तर, जरा तपासता का?" मास्तरांनी डोळे पुसले. शर्ट घेतला. खांदा ताणला. माया नव्हतीच, पण आता विचारणाऱ्यानं रीतसर विचारलं होतं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि उरलेलं काम बघायला घेतलं. काज, बटण, बाही. हात आत गेला. इतक्या दिवसांची कमाई एका मिनिटात दुसऱ्याच्या हातात गेली होती आणि ती तिथं उत्तम चालत होती. छातीत एक ओळखीची कळ आली, हेव्याची, आणि गेली. युक्ती कुणाची आहे शेवटी? सिस्टर वहीत लिहीत होत्या, आणि पुढं तिनं पाहिलं की त्यांनी कंसात 'मुलीची पद्धत' असं लिहिलं होतं.

ती घरी गेली आणि बूट न काढता झोपली.

मग मंगळवार आणि शुक्रवार आले, खांद्यापायी ऑफिसात तिनं रजा टाकलेली होती. पहिले दोन तिनं झोपूनच काढले. तिसऱ्या दिवशी तिला काय करावं सुचेना, तिनं स्टुलावर बसून अर्धा तास खिडकीतून रस्ता बघितला आणि अपराधी वाटायची वाट पाहिली. ते आलं, पण उशिरा आणि थोडं. शनिवारी तिथं येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरच्यांची बैठक भरे. ठेकेदार तिथं भेटला. त्याची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, घास पुढं केला की तोंड फिरवायची, मग त्यानं एकदा चमच्यानं वाटीवर ट्रिंग केलं तर आई म्हणाली, "बोला, कोणता नंबर?" आणि उघडलेल्या तोंडात त्यानं घास घातला. "मी सहा महिने कुणाला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "वाटायचं, सांगितलं की संपलं." सगळे हसले. तिची पाळी आली तेव्हा तिनं तपासणीची गोष्ट सांगितली, मायेचीही सांगितली, वहीतल्या घातपातासकट, आणि सगळ्यांच्या बरोबरीनं हसली. मागच्या रांगेतली एक बाई, कधी बैठकीत तोंड न उघडणारी, जाताना तिला म्हणाली, "उद्या आमच्या सासूबाईंना मी भाजी निवडायला नको, वह्या तपासायला देऊन बघते. त्या शाळेत होत्या." त्या वाक्यानं ती घरापर्यंत चालत गेली, बस न पकडता.

चौथ्या आठवड्यात खांदा थोडा सैल झाला. तिनं पायाचं मशीन पुसलं, तेल घातलं. पांढरं, मऊ, धुऊन आटवलेलं कापड आणलं आणि मास्तरांच्या मापाचा शर्ट बेतला. खडूची रेघ मारली, आणि तिच्याबाहेर पूर्ण एक इंच सोडून दुसरी. कड टोचू नये म्हणून माया दोन्ही बाजूंना उघडून, इस्त्रीनं सपाट बसवून, वरून हातानं विरळ टाके घातले. हे तिला आठ वर्षांत सुचलं नव्हतं, कारण याला वेळ लागतो आणि वेळ नव्हता. काजंही हातानं केली. दोन मंगळवार आणि दोन शुक्रवार गेले.

शुक्रवारी पाच वाजता ती शर्ट घेऊन डे-केअरला गेली. मास्तर खिडकीजवळच्या टेबलाशी उभे होते, बसा म्हटलं तरी ते तिथं उभेच राहत. त्यांनी तिच्याकडे बघितलं. ओळख नव्हती, पण नापसंतीही नव्हती. "मास्तर," ती म्हणाली, "जरा तपासता का?"

त्यांनी शर्ट घेतला आणि पहिल्यांदा उलटा केला. अंगठा काखेपासून खालपर्यंत नेला, सावकाश. मध्ये थांबले. पुन्हा वर गेले, बोटाच्या पेरानं माया मोजली, कडेचे विरळ टाके डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. दुसरी बाजू पाहिली. कॉलरची टोकं एकमेकांवर ठेवून जुळवली. मदतनीस कुणाचा तरी कोट घेऊन उभा होता तो तसाच उभा राहिला. तिचे तळहात ओले झाले, दहा वर्षांची असताना होत तसे.

"काज कुणी केलं?"

"मी."

"हातानं?"

"हातानं."

मास्तरांनी शर्ट टेबलावर पसरला, बाह्या मागं घेतल्या, दुकानात घालत तशी घडी घातली, तळहातानं दाबली.

"शिकलीस कुणाकडे?"

"वडिलांकडे," ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. घडी उचलून दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली.

"त्यांना सांग जाऊन," ते म्हणाले. "पोरगी तयार झाली म्हणावं."

"सांगते," ती म्हणाली.